बिल्ला, परमिट आणि ॲप : भाड्याची गाडी चालवण्याच्या मान्यतेचा आढावा

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातलं गाव मुंबई-नागपूर-कोलकाता महामार्गावर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वसलेलं आहे. महामार्गाचा क्रमांक आता ५३ झाला, पण जुनी माणसं अजून 'सहा नंबर'च म्हणतात. इथून माणसं मलकापूर-नांदुऱ्याच्या रेल्वे स्टेशनवर जातात, शेगावला दर्शनाला जातात, खामगाव-अकोल्याला दवाखान्यात जातात, कामानिमित्त राजूर घाट चढून बुलढाण्यालाही जातात. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी, ॲपे किंवा ओळखीच्या पोराची गाडी. मुंबई-पुण्यात ॲपवर गाडी बोलावतात. इथं ती फोनवर ठरते. सीट भरून, भाडं वाटून प्रवास करणं मात्र इथं कोणत्याही ॲपच्या आधीपासून चालत आलेलं आहे.

समजा, गावातल्या एखाद्या तरुणाने जुनी गाडी घेतली आणि ती भाड्याने चालवायची ठरवली. कशाकशाची परवानगी लागेल, असं त्याने चार जणांना विचारलं तर उत्तरं चार मिळतील. एक म्हणेल, लायसन आहे ना, मग झालं. दुसरा म्हणेल, बिल्ला काढ. तिसरा म्हणेल, आधी गाडी टी-पासिंग, म्हणजे भाड्याच्या वापरासाठी नोंद, कर. चौथा म्हणेल, पुण्याला जा, कंपनीला गाडी लाव, ते सगळं करून देतात. चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. देशभर गेली दहा-बारा वर्षं या विषयावर जो वाद चालू आहे, त्यातला बराचसा गुंताही असाच आहे : बोलणारे वेगवेगळ्या मान्यतांबद्दल बोलतात आणि वाद मात्र एकच असल्यासारखा घालतात. २०२५ च्या अखेरीपर्यंत हा विषय कुठवर आला आहे, त्याचा हा आढावा.

एक शब्द, तीन मान्यता

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. बोलीत 'परवाना' म्हटलं की लायसनही आलं आणि परमिटही आलं. सरकारी मराठीने हे दोन्ही वेगळे ठेवले : चालकाला मिळते ती 'अनुज्ञप्ती', गाडीला मिळतो तो 'परवाना'. अनुज्ञप्ती हा शब्द कचेरीबाहेर कोणी उच्चारत नाही, त्यामुळे हा भेदही कागदावरच राहिला.

प्रत्यक्षात मान्यता तीन प्रकारची आहे. पहिली चालकाची : गाडी चालवता येते का, वय काय, चारित्र्य कसं. दुसरी गाडीची : भाड्याने चालवायची परवानगी आहे का, गाडी सुस्थितीत आहे का, विमा कोणत्या वापराचा आहे. तिसरी मध्यस्थाची : प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देऊन त्यावर कमाई करणाऱ्या कंपनीची. पहिल्या दोन जुन्या आहेत. तिसरी अलीकडची असून सध्याचा बहुतेक वाद तिच्याभोवती आहे.

पार्श्वभूमी : घोडागाडीपासून ॲपपर्यंत

भाड्याचं वाहन हाकणाऱ्याला सरकारने ओळखपत्र द्यावं, ही कल्पना मोटारीपुरती नाही. मुंबईत सार्वजनिक वाहनांसाठी १९२० चा स्वतंत्र कायदा होता आणि व्हिक्टोरिया घोडागाडीही त्याच्या कक्षेत येत असे. मोटारींसाठी देशपातळीवर १९१४ चा, मग १९३९ चा आणि आता १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. १ जुलै १९८९ पासून तो लागू आहे.

परमिटची पद्धत १९३९ च्या कायद्याने पक्की केली. त्यामागे केवळ प्रवाशांची सुरक्षा नव्हती. रेल्वेला समांतर रस्त्यांवरून मोटारी धावू लागल्या आणि रेल्वेचं उत्पन्न घटेल अशी चिंता सरकारला वाटू लागली. वडनेरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १८६७ मध्ये नागपूरला पोचलेला लोहमार्ग आणि हा महामार्ग इथं एकमेकांच्या सोबतीनेच धावतात. पुढे १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेत-उतरवत जाण्याचा, म्हणजे 'टप्पा वाहतुकी'चा हक्क राज्यात मुख्यतः एसटीकडे आला. खासगी गाडीला उरली ती 'कंत्राटी वाहतूक' : ठरलेला प्रवासी, ठरलेलं ठिकाण, मध्ये चढ-उतार नाही. काळी-पिवळी सीट भरत आणि वाटेत थांबत जाते, तेव्हा ती कायद्याच्या याच रेषेवर उभी असते. एसटीच्या आणि वडापच्या, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या खासगी गाड्यांच्या, जुन्या भांडणाचं मूळही इथंच आहे.

शहरात वेगळं घडत होतं. मुंबईत २००७ मध्ये मेरूसारख्या फोनवरून बोलवायच्या टॅक्सी आल्या, २०१० मध्ये ओला सुरू झाली आणि २०१३ मध्ये उबर भारतात आली. या कंपन्यांचं म्हणणं होतं की आम्ही टॅक्सी चालवत नाही, केवळ तंत्रज्ञान पुरवतो. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्याविरुद्ध आधीचे गुन्हे असल्याचं आणि त्याचा चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचं उघड झालं. चालकाची पडताळणी नेमकी कोणाची जबाबदारी, पोलिसांची, परिवहन खात्याची की कंपनीची, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येईनासा झाला.

चालकाची मान्यता

आजची पायरी-पायरीची वाट अशी आहे. आधी शिकाऊ लायसन. महाराष्ट्रात जून २०२१ पासून ते घरबसल्या ऑनलाइन मिळू लागलं. परीक्षेत १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की उत्तीर्ण. त्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. आपल्या जिल्ह्याचं परिवहन कार्यालय बुलढाण्याला आहे, एमएच-२८ ही त्याची खूण.

व्यावसायिक वाहनाच्या लायसनसाठी मूळ कायद्यात आणि नियमांत आणखी अटी होत्या : वय २० पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन किमान वर्षभर जुनं आणि आठवी उत्तीर्ण. शिक्षणाची अट केंद्राने २०१९ मध्ये काढली. गाडी उत्तम चालवणारा पण शाळा अर्धवट सुटलेला माणूस या धंद्याबाहेर का राहावा, हा त्यामागचा विचार होता. वाहतुकीच्या पाट्या वाचता येतील एवढं तरी शिक्षण हवंच, असा त्यावर आक्षेप होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने व्यावसायिक लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली.

त्याहून मोठा बदल न्यायालयातून आला. 'मुकुंद देवांगन' प्रकरणात जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ७,५०० किलोपर्यंत वजनाचं हलकं वाहन चालवण्याचं लायसन असलेल्याला त्याच वजनाची भाड्याची गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. विमा कंपन्यांना हे मान्य नव्हतं. भाडोत्री गाडी साध्या लायसनवर चालवणाऱ्याच्या अपघाताची भरपाई आम्ही का द्यावी, असा त्यांचा सवाल होता. प्रकरण घटनापीठाकडे गेलं. पाच न्यायमूर्तींनी ६ नोव्हेंबर २०२४ ला, बजाज अलायन्स विरुद्ध रंभादेवी या निकालात, आधीचीच भूमिका कायम ठेवली. साध्या लायसनवर हलकी व्यावसायिक वाहनं चालवल्यामुळे अपघात वाढले असं दाखवणारी ठोस आकडेवारी समोर आली नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं.

म्हणजे चौघांपैकी पहिला जे म्हणाला, 'लायसन आहे ना, मग झालं', ते लायसनपुरतं आज खरं आहे. पण त्या निकालाने गाडीचं परमिट माफ झालेलं नाही. राज्याच्या नियमांत प्रवासी वाहनाच्या चालकासाठी असलेला बिल्ला आणि त्यासाठीची चारित्र्य पडताळणी हाही स्वतंत्र विषय आहे. गावोगावचा घोळ इथंच होतो.

बिल्ल्याबरोबर भाषेचा प्रश्नही येतो. महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीच्या परवान्यांसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची आणि मराठीच्या कामचलाऊ ज्ञानाची अट चर्चेत असते. रिक्षा परवान्यांसाठी मराठी सक्तीचं करणारं परिवहन खात्याचं २०१६ चं परिपत्रक उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केलं. प्रवाशाशी बोलता यावं ही अपेक्षा रास्त आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. मतभेद आहे तो ही अपेक्षा परवान्याची पूर्वअट करायची का आणि कोणत्या अधिकाराने, यावर.

गाडीची मान्यता

भाड्याची गाडी म्हणजे पिवळी पाटी. कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिटशिवाय गाडी भाड्याने चालवता येत नाही. चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. पर्यटक वाहनांसाठी अखिल भारतीय परमिट आता ऑनलाइन मिळतं. त्याचे सध्याचे नियम २०२३ चे आहेत. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ज्याला सगळे 'पासिंग' म्हणतात. नव्या प्रवासी गाड्यांना जानेवारी २०१९ पासून ठिकाण दाखवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण लागतं. बॅटरीवरच्या वाहनांना मात्र ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने परमिटमधून सूट दिली आहे.

रिक्षा-टॅक्सीच्या परमिटवरची संख्येची मर्यादा राज्याने जून २०१७ मध्ये उठवली. त्यामुळे तरुणांना परमिट मिळणं सोपं झालं, पण आधीपासून स्टँडवर असलेल्यांच्या वाट्याचं भाडं विभागलं गेलं.

पांढऱ्या पाटीची गाडी 'ओळखीत' भाड्याने लावणं हे गावाकडचं उघड वास्तव आहे. पिवळ्या पाटीचा कर, विमा आणि पासिंग यांचा खर्च आठवड्याला दोन-चार भाडी मिळणाऱ्याला झेपत नाही, हे गाडीवाल्यांचं म्हणणं. दुसरी बाजू विम्याची. खासगी वापराच्या विम्यावर भाड्याचे प्रवासी नेताना अपघात झाला, तर कंपनी दावा लढवते. तिसऱ्या पक्षाच्या बाबतीत न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. तेव्हा वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी मोठी वसुली गाडीवाल्याच्या घरादारापर्यंत येऊ शकते.

खर्चाची वाटणी करून एकत्र जाणं आणि भाडं घेणं यांतली सीमाही धूसर आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाडीतल्या सामायिक प्रवासाला, राज्याने मनाई केली नसेल तर, मर्यादित वाव दिला : शहरात दिवसाला चार फेऱ्या, शहराबाहेर आठवड्याला दोन.

मध्यस्थाची मान्यता

तिसरी मान्यता कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली. 'ॲग्रिगेटर', म्हणजे प्रवासी आणि चालक जोडून देणारा मध्यस्थ, अशी व्याख्या झाली आणि कलम ९३ खाली त्यालाही लायसन बंधनकारक झालं. विनालायसन काम केल्यास २५,००० ते १ लाख रुपये दंड.

महाराष्ट्राने त्याआधीच, मार्च २०१७ मध्ये, शहरी टॅक्सीचे नियम काढले होते. त्यांना न्यायालयात आव्हान मिळालं. केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या सूचनांनी चौकट आखून दिली : चालकाला ३० तासांचं प्रशिक्षण, दोन वर्षांचा अनुभव, वैद्यकीय तपासणी, ५ लाखांचा आरोग्य विमा, १० लाखांचा मुदत विमा, दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त काम नाही, भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला आणि गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या जास्तीत जास्त दीडपट आकारणी. राज्याचे नियम मात्र रखडले. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपन्यांना लायसनसाठी अर्ज करायला सांगितलं, त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रॅपिडो या बाइक टॅक्सी कंपनीला विनालायसन सेवा थांबवायला लावलं आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तिला दिलासा दिला नाही.

२०२५ हे वर्ष निर्णयांचं ठरलं. एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने बाइक टॅक्सीला मान्यता दिली, पण ती विजेवरच्या दुचाकींना आणि एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. मे महिन्यात ॲप टॅक्सीचं धोरण आलं. १ जुलैला केंद्राने नव्या सूचना काढल्या : प्रशिक्षण ४० तासांचं, गर्दीच्या वेळी भाडं दुपटीपर्यंत, स्वतःची गाडी असलेल्याला किमान ८० टक्के वाटा. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला.

तुलनेला लंडन घेता येईल. तिथं चालक, गाडी आणि कंपनी या तिघांची लायसन वेगवेगळी असली तरी एकच संस्था ती देते. चालकाकडे आणि गाडीकडे लायसन असूनही कंपनीचं लायसन नाकारता येतं. २०१७ आणि २०१९ मध्ये उबरच्या बाबतीत तसं झालंही होतं. आपल्याकडे उलट क्रम राहिला. चालक आणि गाडी दोघांनाही कागद हवेत, पण मध्यस्थ अनेक वर्षं कागदाविना चालला.

भूमिका काय आहेत

सुरक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे : अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं तर राज्याची हमी हवी. बुलढाणा जिल्ह्याला हे म्हणणं परकं नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस जळून २५ प्रवासी गेले. त्याच महिन्यात मलकापुरात दोन बसची धडक झाली. चालकाची झोप, कामाचे तास आणि प्रशिक्षण यांची चर्चा अशा घटनांनंतरच होते, अशी या बाजूची तक्रार आहे.

चालकांच्या संघटना मान्यतेच्या विरोधात नाहीत. खर्च आणि फळ यांचा ताळमेळ लागत नाही, हे त्यांचं दुखणं आहे. दाखले, पासिंग, हप्ता, इंधन सगळं चालकाच्या माथी आणि भाडं ठरवणार कंपनी, हे त्यांना मान्य नाही. जुलै २०२५ मधल्या मुंबई-पुण्यातल्या बंदमध्ये सरकारी दराप्रमाणे भाडं मिळावं, हीच मुख्य मागणी होती. रिक्षाचालकांचा बाइक टॅक्सीला असलेला विरोधही बराचसा यातूनच येतो.

कंपन्यांच्या मते दर आणि अटी फार बांधून टाकल्या तर गाड्या कमी मिळतील, वाट पाहणं वाढेल आणि अर्धवेळ गाडी चालवून चार पैसे मिळवणारा बाहेर पडेल. मागणीनुसार भाडं हलतं म्हणूनच अवेळीही गाडी मिळते, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

एसटीच्या बाजूचे सांगतात की भरलेल्या सीटवर धावणारी खासगी गाडी फायद्याचा प्रवासी उचलते आणि तोट्याच्या फेऱ्या एसटीला उरतात. विद्यार्थ्यांच्या आणि ज्येष्ठांच्या सवलती मग कशावर चालणार? त्यावर गावकऱ्यांचं उत्तर असतं, रात्री नऊला फाट्यावर एसटी उभी असेल तर काळी-पिवळीकडे कोण बघतंय.

प्रशिक्षण : कागद की कसब

मान्यतेचा अर्थ केवळ दाखला नसून कसब असावा, या दिशेने एक पाऊल जुलै २०२१ पासून पडलं. केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर, चाचणीचा मार्ग आणि सपाट भागात किमान दोन एकर जागा. इथून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातली चाचणी माफ. पुण्याजवळ भोसरीला असा शास्त्रशुद्ध चाचणी मार्ग आधीपासून आहे.

याचं स्वागत करणारे म्हणतात, एजंटामार्फत मिळणाऱ्या लायसनपेक्षा शिकून मिळणारं बरं. शंका घेणारे विचारतात, शिकवणाराच उत्तीर्ण करणार असेल तर देखरेख कोणाची? शिवाय दोन एकर जागा आणि यंत्रं घालणारा गुंतवणूकदार तालुक्याच्या गावी येईल का, की शिकायलाही पोराने शहरातच राहायचं?

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न, चालकाच्या पडताळणीचं उत्तरदायित्व. दाखला पोलिसांचा, बिल्ला परिवहन खात्याचा, प्रशिक्षण कंपनीचं. चूक झाल्यास पहिला जाब कोणाला विचारायचा, हे स्पष्ट व्हायचं आहे.

दुसरा, लायसन आणि अनुभव यांतली विसंगती. घटनापीठाच्या निकालाने हलक्या गाडीच्या लायसनची वाट सोपी केली. ॲपच्या सूचना मात्र अनुभव आणि प्रशिक्षण मागतात. म्हणजे कंपनीला जोडलेल्या चालकाला जास्त अटी आणि फाट्यावरून तेच काम करणाऱ्याला कमी, असं चित्र उभं राहतं.

तिसरा, चालक नोकर की धंदेवाला? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार मानलं. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मधली वाट काढली : 'गिग कामगार' ही ओळख आणि त्यांच्या निधीसाठी कंपनीच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी. ही मदत हाती कशी पोचेल, ते योजनांवर ठरेल. सहकारी तत्त्वावरच्या टॅक्सीची कल्पना केंद्राने २०२५ मध्ये पुढे आणली आहे. सहकार आणि त्याची गत दोन्ही पाहिलेल्या महाराष्ट्रात तिच्याकडे आशेने आणि सावधपणे, दोन्ही नजरांनी पाहिलं जाईल.

चौथा प्रश्न गावाचा. बाइक टॅक्सीची लोकसंख्येची अट असो की ॲप टॅक्सीचे दर, नवे नियम शहराचा प्रवासी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. सीट भरून जाणाऱ्या गाडीला टप्पा वाहतूक म्हणायचं, कंत्राटी म्हणायचं की तिसरंच काही, हा १९३९ पासूनचा प्रश्न या नियमांनी उघडलेलाच नाही.

तोवर वडनेरच्या त्या तरुणाची मान्यता गावातल्या मोबाइलांत साठवलेली आहे. कोणाच्या यादीत त्याचं नाव 'शेगाव गाडी' असेल, कोणाच्या यादीत 'दवाखाना गाडी'. रात्री-अपरात्री बाईमाणसाला त्याच्या गाडीत बसवताना घरचे बिल्ला विचारत नाहीत, कुणाचा पोरगा ते विचारतात. ही ओळख गावाला पुरते. मात्र महामार्गावर एखाद्या रात्री अपघात झाला आणि दावा न्यायाधिकरणापुढे गेला, तर तिथं विचारतील ते लायसन, परमिट, पासिंग आणि विमा.